पोरगं रमलंय, हाक मारू नका: लहान मुलांच्या एकट्याने खेळण्याबद्दल पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

ठाण्यात पाचपाखाडीला एका इमारतीच्या तळमजल्यावर गेली एकवीस वर्षं मी बालवाडी चालवते. जूनमध्ये नवे आईबाबा येतात, फी, डबा, रिक्षा सगळी चौकशी होते, आणि चपला पायात सरकवताना दारात खरा प्रश्न निघतो: "ताई, हा घरी एकटा म्हणून खेळत नाही हो." खालचे प्रश्न असेच दारातले आहेत. उत्तरं मात्र जरा बसून दिली आहेत.

एकट्याने खेळणं म्हणजे मुलाला खोलीत एकटं सोडायचं का?

छे. तुम्ही घरातच असता, बहुतेक वेळा त्याच खोलीत. तुम्ही मेथी निवडताय, तो पलीकडे डब्यांशी काहीतरी करतोय. काय करायचं, कसं करायचं, कधी सोडून द्यायचं हे त्याचं तो ठरवतो. तुम्ही सुचवत नाही, "हे काय बनवलंस?" म्हणून विचारत नाही, टाळ्या वाजवत नाही.

डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. त्यांनी १९५८ साली मांडलं की एकटं राहता येण्याची ताकद मुलाला एकटं ठेवून येत नाही, आपलं माणूस जवळ असताना येते. आई जवळ आहे ही खात्री पोटात असली की मूल आईला विसरू शकतं. आपल्याकडे आज्या एवढंच म्हणायच्या, "पोर आपलं आपलं खेळतंय." त्या "आपलं आपलं"मध्ये सगळं आलं.

कोणत्या वयापासून? आणि किती वेळ खेळायला हवं?

पाच-सहा महिन्यांचं बाळ चटईवर पडून स्वतःच्या पायाचा अंगठा पकडायला बघतं, तेव्हाच सुरुवात झालेली असते. आपण मात्र नेमकं तेव्हाच खुळखुळा घेऊन तोंडासमोर नाचतो.

माझ्या वर्गात पाहिलेलं सांगते, नियम म्हणून नाही. दीड वर्षाचं मूल तीन ते पाच मिनिटं, तीन वर्षांचं दहा-पंधरा मिनिटं, चार-साडेचार वर्षांचं चांगलं रमलं तर अर्धा तास. भूक लागलेली, झोप आलेली किंवा आई नुकतीच ऑफिसातून आलेली असेल तर मिनिटभरही नाही. घड्याळ लावून बसू नका. मूल सात मिनिटं खेळलं की नऊ, याचा हिशेब ठेवणारे बाबा मी पाहिलेत. मोबाइलवर टायमर लावायचे. तो वाजला की मुलगा दचकून उठायचा.

आमचं वन-बीएचके आहे. जागा आणायची कुठून?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तरही जरा लांब.

खेळायची खोली लागते हा समज जाहिरातींनी आणि मोठ्या टॉवरांतल्या सॅम्पल फ्लॅटांनी करून दिलाय. साडेतीन वर्षांच्या मुलाला लागते एक चटई. अक्षरशः एक चटई, साधारण सहा फूट बाय चार फूट, रोज त्याच जागी अंथरलेली. भिंतीच्या किंवा पलंगाच्या कोपऱ्यात असेल तर उत्तम, कारण मुलांना पाठीशी काहीतरी लागतं. घराच्या मधोमध, येण्याजाण्याच्या वाटेवर ती टाकली तर दर दोन मिनिटांनी कुणीतरी ओलांडून जाणार आणि जाताजाता काहीतरी बोलणार.

दुसरं, त्याच्या हाताला येईल असा एक कप्पा. ओट्याखालचा सगळ्यात खालचा ड्रॉवर रिकामा करून त्याला देऊन टाका. कळव्यातल्या एका घरात शोकेसचा खालचा कप्पा मुलीला दिला होता. वर बाबांच्या ट्रॉफ्या, खाली हिच्या बाटल्यांची झाकणं, शिंपले आणि एक फुटका रिमोट, त्यातले सेल अर्थातच काढलेले. पाहुणे आले की आई कप्प्याला पडदा ओढायची. माझ्या मते ठाण्यातली ती सर्वोत्तम प्लेरूम.

तिसरी जागा डायनिंग टेबलाखालची. एक जुनी साडी वरून सोडली की घर तयार. तिथे मोठ्यांनी वाकून डोकवायचं नाही, एवढा एक नियम पाळा.

आणि जागा म्हणजे नुसते चौरस फूट नव्हेत. टीव्ही चालू असेल, कुकर शिट्या मारत असेल आणि काका फोनवर स्पीकर लावून बोलत असतील तर थ्री-बीएचकेमध्येही मुलाला जागा नसते. कुकरचं काही करता येणार नाही. टीव्ही बंद करता येतो.

खेळणी कुठली आणावीत?

आणू नका, आहेत त्यातली अर्धी माळ्यावर टाका. पाच-सहा वस्तू खाली ठेवा आणि पंधरा दिवसांनी बदला. माळ्यावरून उतरलेलं जुनं खेळणं मुलाला नवंकोरं वाटतं, आणि पैसे शून्य.

ज्या वस्तूचं एकच काम असतं ती लवकर संपते. बटण दाबलं की गाणारा हत्ती तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात जातो. ज्या वस्तूचं नक्की काम ठरलेलं नसतं ती टिकते: स्टीलच्या वाट्या, झाकणाचे डबे, लाकडी ठोकळे, ओढण्या, पुठ्ठ्याची खोकी, कपड्यांचे चिमटे. जांभळी नाक्याला बाजारात गेलात तर खेळण्यांच्या आधी भांड्यांच्या दुकानात शिरा. भातुकली ही तर मराठी घरातली जुनी ठेव, आणि ती फक्त मुलींची नाही. आमच्याकडे पोळ्या लाटण्यात सगळ्यात तरबेज सध्या एक मुलगा आहे. लाटताना आजोबांसारखा घसा खाकरतो.

विकत घेणार असाल तर आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकायच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. सिग्नलवर मिळणाऱ्या खेळण्यांवर ते शोधत बसू नका, सापडणार नाही.

या बाबतीत आपल्याच मातीतलं उदाहरण आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि अनुताई वाघ यांनी ते आयुष्यभर वाढवलं. तेव्हा बोर्डी आणि कोसबाड ठाणे जिल्ह्यातच होते. पालघर जिल्हा वेगळा झाला २०१४ साली. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरींच्या पद्धतीची महागडी साधनं पाड्यावर कुठून आणणार? त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं वापरली. आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण घरी धाकटं भावंड सांभाळायचं असायचं. तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली, आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात. अंगणवाडी ही कल्पना तिथली.

आमची मुलगी दोन मिनिटांत "आई, ये ना" करते. काय करायचं?

आधी जा. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं.

तुम्ही दिवसभर ऑफिसात होतात, ठाणे लोकलला लटकून आलात, आणि आल्या आल्या तिला म्हणता "आता जरा एकटी खेळ". ती कशाला खेळेल? आधी दहा मिनिटं नुसतं तिच्याजवळ बसा. फोन पर्समध्येच राहू दे. मांडीवर घ्या, गालाला गाल लावा, काय काय झालं ते ऐका. पोट भरलं की पोर आपण होऊन उतरतं. ती उतरली की तुम्हीही हळूच बाजूला व्हा, पण लगेच स्वयंपाकघरात गडप होऊ नका. चटईजवळ बसून कपड्यांच्या घड्या घाला. दुसऱ्या आठवड्यात सोफ्यावर बसा. तिसऱ्या आठवड्यात ओट्याशी. हे असं सरकत सरकत जातं.

हाक आली तर उत्तर द्या, पण प्रत्येक वेळी उठू नका. "हो गं, ऐकतेय, भाजी परतून येते" म्हणा आणि भाजी परतून खरंच या. शब्द पाळला की पुढच्या वेळी ती भाजी परतेपर्यंत थांबते. "आलेच हं" म्हणून न येणाऱ्या आईला मूल सोडत नाही, पदर धरून बसतं.

कधी कधी "ये ना"चा अर्थ "बघ ना" एवढाच असतो. तेव्हा नुसतं मान वळवून बघितलं तरी काम होतं.

ती खेळताना अडली तर मदत करायची नाही का?

एक प्रसंग सांगते. अडीच वर्षांचा मुलगा, पहिलाच आठवडा, आजी सोडायला आलेल्या आणि कोपऱ्यात बसलेल्या. त्याच्यासमोर एकात एक बसणारे तीन डबे आणि तीन झाकणं. मधल्या डब्यावर तो मोठं झाकण ठेवायचा. ते घसरायचं, ठण्ण वाजायचं. पुन्हा उचलायचा. मग छोटं झाकण, ते आत पडायचं. डबा उलटा करून काढायचा, परत तेच. आजींचा हात दोनदा पुढे आला. मी नुसती मान हलवली. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःचाच हात मांडीखाली दाबून धरला. बऱ्याच खटपटीनंतर मधलं झाकण मधल्या डब्यावर बसलं. त्याने वर बघितलं नाही, हसला नाही. झाकण काढलं आणि पुन्हा लावलं. मग पुन्हा.

मारिया माँटेसोरींनी रोममध्ये तीन वर्षांच्या एका मुलीबद्दल असंच नोंदवलं आहे. लाकडी दट्टे त्यांच्या खाचांत बसवायचं काम तिने चाळीसहून जास्त वेळा केलं, भोवती इतर मुलं गात असतानाही.

मूल रडकुंडीला आलं, वस्तू फेकायला लागलं, तर जरूर जा. तेव्हाही पूर्ण करून देऊ नका. डबा नुसता धरा, झाकण त्याला लावू द्या.

तो तेच तेच खेळतो, गाड्या ओळीत लावतो. काळजीचं आहे का?

नुसतं तेवढ्यावरून नाही. तेच तेच करणं हा या वयाचा धर्मच आहे. पण नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, दीड वर्षाचा झाला तरी हवं ते बोट करून दाखवत नसेल, येणारे शब्द बोलायचा थांबला असेल, तर इंटरनेट वाचत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. "मुलगे उशिरा बोलतात" असं सांगणारे शेजारी भरपूर भेटतील. त्यांचं ऐकून वर्ष घालवू नका.

दुसऱ्या मुलांत मिसळत नाही, बाजूला बसून आपलं आपलंच करते. माणूसघाणी होईल का?

नाही हो. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधक बाईंनी १९३२ साली मुलांच्या खेळाची वर्गवारी मांडली. त्यात एकट्याने खेळणं आहे, दुसऱ्यांचा खेळ नुसता बघत बसणं आहे, शेजारी शेजारी बसून आपापलं खेळणं आहे, आणि मग एकत्र खेळणं. दोन-अडीच वर्षांची दोन मुलं पाठीला पाठ लावून वेगवेगळे ठोकळे रचत असतील तर ती एकमेकांबरोबर खेळतच आहेत, आपल्याला ते दिसत नाही इतकंच. वाढदिवसाला बोलावून "जा, सगळ्यांशी खेळ" म्हणून ढकलू नका.

सासूबाईंना वाटतं मी मुलाकडे दुर्लक्ष करतेय.

त्यांच्या जागी जाऊन बघा. त्यांची पोरं चाळीत वाढली, दहा घरांची दारं उघडी, बघायला वीस डोळे. एकटं पोर म्हणजे हरवलेलं पोर, असंच त्यांच्या डोक्यात. त्यात दिवसभर नातू त्या सांभाळतात, आणि तुम्ही संध्याकाळी येऊन शिकवता.

"आई, त्याला मदत करू नका" असं म्हणू नका. "आई, तुम्ही इथेच बसा, म्हणजे त्याला धीर येतो" म्हणा. हातात वाती द्या, लसूण द्या, जपमाळ द्या. हात गुंतलेले असले की लुडबूड आपोआप कमी होते. हे मुलाच्या बाबांनाही लागू. फक्त त्यांच्या हातात मोबाइल सोडून काहीतरी द्या.

मोबाइलवर एकटा तासभर बसतो, तो खेळच ना?

बसतो हे खरं. पण पुढे काय होणार हे तिथे दुसरंच कुणी ठरवतं, याने फक्त बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर चांगलंच. त्याच सूचनांत एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं अंग हलवावं असंही आहे. तीन तास! आपल्याकडे बहुतेकांना पहिला आकडा पाठ असतो, दुसरा नाही.

प्रवासात, आजारपणात, तुमची ऑनलाइन मीटिंग असताना दिलात मोबाइल तर आभाळ कोसळत नाही. मात्र "गप्प बसावं म्हणून" ही रोजची सवय झाली की चटई फिकी वाटायला लागते, आणि ती पुन्हा रंगायला आठ-दहा दिवसांची रडारड सोसावी लागते. ती सोसा.

"कंटाळा आला" म्हणते.

येऊ दे. "अरे वा, मग आता काय करशील?" एवढंच विचारा आणि आपल्या कामाला लागा. पाच मिनिटं ती तुमच्या पायात घुटमळेल, उशी फेकेल, जमिनीवर लोळेल. त्या लोळण्यातच तिला पलंगाखालची हरवलेली चप्पल दिसते, आणि मग त्या चपलेची होडी होते. तुम्ही पाचव्या मिनिटाला रंगपेटी काढून दिलीत तर होडी गेली.

सुरक्षेचं काय? नजर हटली आणि काही झालं तर?

ही भीती रास्त आहे, आणि तिच्यावर उपाय एकच: चटईभोवतीचं घर आधी नीट करा, म्हणजे मिनिटामिनिटाला "नको", "हात लावू नको" ओरडावं लागणार नाही.

खिडकीला आणि बाल्कनीला ग्रिल किंवा जाळी, आणि तिच्याजवळ खुर्ची, कुंडी, मोडा असं चढता येण्यासारखं काही नाही. पुस्तकांचं कपाट आणि टीव्हीचं स्टँड भिंतीला ठोकलेलं. पाणी जाणार म्हणून भरून ठेवलेल्या बादल्या बाथरूममध्ये, आणि बाथरूमला वरची कडी. लहान मूल अर्ध्या बादलीतही बुडू शकतं. तीन वर्षांखालच्या मुलाला लहान वस्तू द्यायच्या नाहीत: किचन टिश्यूच्या रोलमधल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जातं ते घशात अडकू शकतं. शिंपले आणि बियाही त्यात आल्या, त्या मोठ्या मुलांसाठी. शेंगदाणे, फुगे, नाणी, लोहचुंबक तर नकोतच.

सगळ्यात वाईट ते बटणासारखे चपटे सेल, रिमोटमधले, गाणाऱ्या खेळण्यांमधले, वजनकाट्यातले. गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. शौचावाटे पडेल म्हणून वाट बघायची नाही, केळं खायला घालायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

सोसायटीत खाली एकट्याला पाठवू का?

पाच-सहा वर्षांखालच्याला नाही. पार्किंगमधून रिव्हर्स घेणाऱ्या गाडीला तीन फुटांचं मूल दिसत नाही.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला बांधलेली आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत एकदा जाऊन बघा. साधारण सात घरं आणि मधे एक छोटं सामाईक अंगण, अशी रचना. आई घरात, मूल अंगणात, मधे फक्त उंबरा. ठाण्यात घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावरून खालच्या पोडियमवरचं, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या अंगणातलं मूल म्हणजे एक ठिपका. तिथे "नजरेच्या टप्प्यात" हा शब्दच निरुपयोगी होतो. म्हणून आपल्याला उतरून जाऊन बसावं लागतं.

जा, बसा, आणि बाकावरच बसा. घसरगुंडीच्या पायथ्याशी हात पसरून उभं राहायची गरज नाही. घसरगुंडी आधी हाताने चाचपून बघा. मे महिन्यात दुपारी चारलाही ती तव्यासारखी असते. नवी मुंबईत सिडकोच्या कृपेने जवळपास प्रत्येक सेक्टरला बाग आहे, नेरुळचं वंडर्स पार्क, खारघरचं सेंट्रल पार्क आहे. ठाण्यात उपवन आहे, कोलशेतचं नवं मोठं उद्यान आहे. पण लहान मुलाला मोठी बाग लागत नाही. गुलमोहराच्या शेंगा पडलेलं एक झाड आणि थोडी माती पुरते. मातीत हात घातला म्हणून ओरडू नका. घरी नळ आहे.

पावसाळ्यात चार महिने काय करायचं?

भिजवा. रेनकोट, गमबूट, आणि सोसायटीच्या आवारातलं स्वच्छ डबकं. गटारालगतचं किंवा रस्त्यावर तुंबलेलं पाणी सोडून. उरलेले दिवस बाथरूममध्ये तुम्ही जवळ बसून, आणि त्याच्या हातात पाण्याचा मग, गाळणी आणि तांब्या.

पूर्ण दिवस पाळणाघरात असतो. त्याला हे सगळं कधी मिळणार?

पाळणाघराच्या ताईंना एकच विचारा: दिवसात असा किती वेळ असतो जेव्हा कुणी काही "घेत" नाही? गाणी घेतो, ड्रॉइंग घेतो, इंग्लिश घेतो, असं ऐकायला बरं वाटतं. त्यात तासभर मोकळा मिळत असेल तर पाळणाघर चांगलं समजा. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तीन ते आठ वर्षांचं शिक्षण खेळावर आधारित असावं म्हणतं, तेव्हा "लिहायला कधी घेणार?" हा आग्रह निदान आपण तरी धरू नये. संध्याकाळी घरी आल्यावर त्याला क्लासला नेऊ नका. घरचा अर्धा तास त्याचा राहू द्या.

खेळतानाचे फोटो काढले तर चालतील ना?

माझीच चूक सांगते. एक मुलगी ओढणी डोक्यावर घेऊन, कपड्यांच्या चिमट्यांना रांगेत बसवून, पुटपुटत जेवायला वाढत होती. इतकं गोड, की मी फोन काढला. क्लिक झालं. तिने वर बघितलं, मान तिरकी केली, दात दाखवले आणि तशीच थांबली. मी फोन खाली ठेवला तरी तिची मान तिरकीच. चिमट्यांचं जेवण राहून गेलं. फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला, बत्तीस हार्ट आले. तेव्हापासून वर्गात माझा फोन कपाटात असतो.

खेळ थांबवायचा कसा? जेवायला बोलावलं की आकांडतांडव.

रमलेल्या माणसाला कुणीही खसकन उठवलं तर तो चिडणारच. पाच मिनिटं आधी जवळ जाऊन, खाली बसून सांगा. लांबून ओरडू नका. "पाच मिनिटं" त्याला कळत नाहीत. "अजून दोन गाड्या पुलावरून गेल्या की जेवायला" हे कळतं.

आणि रोज सगळं आवरायलाच हवं असं नाही. डबे, वाट्या, ठोकळे त्याच्याबरोबर आवरा, तो दोन उचलेल, तुम्ही वीस, चालायचंच. पण टेबलाखाली स्टेशन अर्धं बांधून झालेलं असेल तर तेवढं राहू द्या. केर काढणाऱ्या मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवा की टेबलाखाली उद्या झाडू नको.